सुट्टीच्या दिवसाचा अंक

माझ्या पीएच.डी.चा विषय सांगितला की समोरचं माणूस आधी हसतं, मग मला खालून वर बघतं आणि मग विचारतं, कशाला? विषय होता फ्रेंच भाषेतली दैनिकं आणि रविवारची वृत्तपत्रं, त्यांचा इतिहास. दौंडच्या एसटी स्टँडवर विचारलं, शिरूरच्या कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये विचारलं, कासुर्डीला माहेरी तर प्रत्येक लग्नकार्यात विचारलं. कशाला ते मी कुणाला सांगत बसले नाही. सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. मला नवरा आणि मुलगी यांच्याबरोबर एका घरात राहायचं होतं.

आता फ्रेंच पेपरांचा आणि एका घराचा संबंध काय, तर सांगते. मी दौंडच्या आणि शिरूरच्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर फ्रेंच शिकवते. आमच्याकडे पोरं फ्रेंच घेतात ती मार्क पडतात म्हणून. मीही पुण्यात अकरावीला ते तेवढ्यासाठीच घेतलं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोरगी फ्रेंच शिकते असं गावात सांगितलं, तेव्हा निम्म्या कासुर्डीला वाटलं की मला कुठल्या तरी फ्रेंच कंपनीत मशीनवर घेतलं. मार्क पडले, मग पदवी झाली, मग पुढची पदवी, आणि परत फिरायची वेळ केव्हा निघून गेली ते कळलंच नाही. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घेतला तर तुम्ही प्राध्यापक, नाही घेतला तर कुणी नाही. दौंडच्या कॉलेजात एक जागा कायम होणार होती. दरवर्षी होणार असायची, पण या वेळी खरंच होणार होती. त्यासाठी पीएच.डी. हवी होती. मी कायम झाले की नवऱ्याने सणसवाडीतली खोली सोडायची, दौंडला यायचं आणि कुरकुंभच्या कारखान्यांत मिळेल ते काम धरायचं, असं आमचं ठरलेलं होतं. हे आम्ही फोनवर इतक्या वेळा बोललो होतो की कपाट कुठल्या भिंतीला लावायचं तेसुद्धा पक्कं होतं.

नवरा सणसवाडीला एका पेपर मिलमध्ये कामाला होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, लिहिताना मात्र 'तो' असंच येतं आणि तेच बरं वाटतं. त्याची खोली म्हणजे एका लांबलचक चाळीतला गाळा. शेजारी बिहारचे, ओडिशाचे कामगार, नळ सगळ्यांत मिळून एक. बुधवारी शिफ्ट सुटली की तो शिक्रापूर, न्हावरा, चौफुला असं करत, उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगत दौंडला यायचा. कारण त्याची सुट्टी गुरुवारी. पुण्याच्या आसपासच्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. विजेच्या वाटपावरून कधीकाळी ठरलं, ते तसंच चालू आहे. माझी आणि मुलीच्या शाळेची सुट्टी अर्थातच रविवारी.

म्हणजे तो घरी यायचा तेव्हा आम्ही घरी नसायचो. गुरुवारी मी शिरूरला, मुलगी शाळेत, आणि हा एकटा घरात. दिवसभर काहीतरी दुरुस्त करत बसायचा. एकदा चांगला चालणारा पंखासुद्धा त्याने उघडून ठेवला होता. संध्याकाळी आम्ही पोचेपर्यंत त्याची पिशवी भरलेली असायची. आमच्या घरात 'सुट्टी' म्हणजे गुरुवार. मुलगी विचारायची, सुट्टी कधी आहे, आणि तिला म्हणायचं असायचं, पप्पा कधी येणार आहेत. माझा वार तो नुसता रविवार. त्या दिवशी धुणं, दळण आणि प्रबंध.

आबा मला यावरून चिडवायचे. त्यांच्या वडिलांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, पावसाळा संपला की सगळं बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायचं. आबांच्या वेळी घर एका जागी बसलं, शेती सुरू झाली. ते म्हणायचे, "आमी मेंढरामागं हिंडायचो, पर बायकापोरं संगं असायची. तुमची तऱ्हाच न्यारी." मी हसण्यावारी न्यायचे. खरं तर मला ते झोंबायचं.

रविवारचं वृत्तपत्र हा विषय मी निवडला तोसुद्धा बहुतेक त्यामुळेच. फ्रान्समध्ये दैनिक स्वस्त झालं, सुट्या नाण्याला मिळू लागलं, तेव्हा ते सायबाच्या टेबलावरून उतरून मोलकरणीच्या आणि गाडीवाल्याच्या हातात गेलं. पानाच्या तळाशी चालू कादंबरी असायची. पुढे काय झालं ते वाचायला लोक उद्याच्या अंकाची वाट बघायचे. मग रविवारची चित्रांची पुरवणी आली, पहिल्या पानावर रंगीत खून, रंगीत अपघात, सर्कशीतून सुटलेला वाघ. कॅनडातल्या फ्रेंच मुलखात तर आणखी मजा. तिथे चर्चचा धाक असा की दैनिकं रविवारी निघतच नसत. शनिवारचा अंक जाडजूड काढायचा आणि तोच दोन दिवस पुरवायचा. मग कुणीतरी नुसता रविवारचा म्हणून वेगळा पेपर काढला, खेळ, भानगडी आणि नटनट्यांचा. पाद्री त्याला नावं ठेवायचे आणि लोक प्रार्थना उरकून बाहेर आले की तोच विकत घ्यायचे. स्वित्झर्लंडमध्ये रविवारचा पेपर रस्त्याकडेला पेटीत ठेवलेला असतो, ज्याने त्याने पैसे टाकून घ्यायचा. आपल्याकडे पुदुच्चेरीला फ्रेंच पत्रं निघत होती. हे सगळं वाचताना मला एकच चित्र दिसायचं. टेबलाभोवती घरातली सगळी माणसं बसलीत आणि एका पेपराची पानं सुटी करून वाटून घेतलीत. माझ्या आराखड्यात पहिलंच वाक्य होतं की रविवारचा अंक म्हणजे सगळे घरी असतात त्या दिवसाचा अंक.

माझे गाईड पुण्याचे. माणूस सज्जन, पण हट्टी. चार प्रकरणं त्यांनी पास केली आणि पाचव्याला अडवलं. म्हणाले, तुम्ही सगळं स्क्रीनवर वाचलंय. रविवारच्या अंकाचा आकार, पानांची घडी, पुरवणी कुठे घातलीय, जाहिराती कुठे आहेत, हे हातात घेतल्याशिवाय कसं लिहिणार? निदान एकाच पत्राचे सलग रविवारचे छापील अंक बघा, त्यावर प्रकरण करा, मग मी सही करतो. त्यांच्या ओळखीचे लोक पॅरिसला जाऊन येतात. मी न्हावऱ्याच्या पुढे जायला एसटीची वाट बघते. पुण्यातल्या ग्रंथालयांत विचारलं तर जुने अंक रद्दीत गेले म्हणाले. रजिस्ट्रेशनची मुदत आधीच एकदा वाढवून घेतली होती. आणखी वाढणार नव्हती.

आणि मग एका संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं लॉटरी लागली.

"तुझ्या भाषेचा कागद आलाय," तो म्हणाला.

त्यांच्या मिलमध्ये रद्दीपासून पेपरसाठीचा कागद व्हायचा. रद्दी परदेशातून यायची, तारेने करकचून बांधलेले माणसाच्या उंचीचे गठ्ठे, कंटेनरमधून. त्यात खपलेच नाहीत असे कोरे करकरीत पेपर. कामगार त्या गठ्ठ्यांना देशाच्या नावाने हाक मारतात, कोरिया आला, दुबई आली. नवरा सरकत्या पट्ट्यापुढे उभा असायचा. गठ्ठ्याची तार तोडायची, प्लास्टिक, चिंध्या, काय असेल ते बाजूला काढायचं आणि कागद पुढे सोडायचा. पुढे पल्पर, म्हणजे पाण्यात कागद घुसळून लगदा करणारी भलीमोठी टाकी. तर त्या पट्ट्यावर त्याला इंग्रजीसारखा पण इंग्रजी नसलेला पेपर दिसला. अक्षरांच्या डोक्यावर टोप्या होत्या. माझ्या पुस्तकांत त्याने त्या टोप्या बघितल्या होत्या. त्याने फोटो पाठवला. फ्रेंच होता. फ्रान्सच्या एका प्रांतातलं दैनिक, आठवड्याचे सातही दिवस निघणारं, रविवारी जाड.

मी तेव्हा शिरूरच्या स्टँडवर होते. तिथेच खाली बसले. इतकं रडू आलं की शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

गोडाऊनचे इनचार्ज कोरेगाव भीमाचे एक वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ने बाबा, लगदाच व्हायचाय त्याचा, म्हणून त्यांनी परवानगी दिली. प्रश्न एवढाच की पट्टा थांबत नाही. कागद समोरून जाणार आणि तेवढ्यात याने ओळखायचं. मी त्याला फोनवर सातही वारांची फ्रेंच नावं पाठवली, पुढे मराठीत वार लिहून. नावाच्या पट्टीखाली बारीक अक्षरात वार असतो, तो कुठे बघायचा ते फोटोवर गोल करून दाखवलं. मग बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"म्हंजी सुट्टीच्या दिवसाचा तेवढा ठिवायचा ना?"

"हो, सुट्टीचाच. बाकीचे जाऊ द्या."

"मंग झालं. त्यो वार मला चुकायचा न्हाई."

पुढचे काही महिने मी हवेत होते. तो दर आठवड्याला सांगायचा, आज तीन घावले, आज एकच, आज ढिगानं. खोलीत पोती भरत होती. इकडे आणा म्हटलं तर म्हणाला, एसटीत पोती कशाला, शेवटी टेम्पो करून सगळं एकदमच आणू, बिऱ्हाडासकट. त्यावर आम्ही दोघेही हसलो होतो. मुलीला त्याने शब्दकोड्यांची पानं आणली, त्यात तिने वाटेल ती मराठी अक्षरं भरली.

मी तोवर शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं, छापील पेपरांच्या उतरत्या कळेचं. ते लिहिताना हात झरझर चालायचा. माहिती रोज ताजी मिळत होती. आधी खप घसरतो, मग पानं कमी होतात. एका मोठ्या फ्रेंच दैनिकाने पहिल्यांदा रविवारचा अंक बंद केला, मग सोमवार ते शुक्रवारचा कागद बंद केला, नुसता शनिवार ठेवला, मग तोही गेला आणि सगळं पडद्यावर आलं. कुठे छापखाना विकला, कुठे दोन पेपरांचा एक झाला. प्रत्येक बंद पडलेला पेपर माझ्या प्रकरणात एक परिच्छेद होऊन यायचा. मी त्या प्रकरणाला झोकात नाव दिलं होतं, कागदातून सुटका. गाईडना आवडलं. रविवारच्या अंकांचं प्रकरण जोडा आणि मोकळ्या व्हा, असं ते म्हणाले.

महिनाअखेर मुदत संपणार होती. मी कॉलेजातून रजा घेतली, मुलीला कासुर्डीला आबांकडे सोडलं आणि बुधवारी संध्याकाळी सणसवाडीला गेले. आमच्या नशिबात पहिल्यांदाच असं झालं की त्याच्या सुट्टीला मी त्याच्याबरोबर होते. सकाळी त्याने खोली झाडली, सतरंजी अंथरली, चहा केला. पोती एका रांगेत लावली, तोंडं सोडून दिली आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला, परीक्षेचा पेपर लिहून झालेल्या पोरासारखा.

मी पहिला अंक काढला. गुरुवार. चुकून आला असेल म्हणून बाजूला ठेवला. दुसरा गुरुवार. तिसरा गुरुवार. मी पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि तळातला काढला. गुरुवार. दुसरं पोतं उलटं केलं. सगळे सारख्या घडीचे, कमी पानांचे, आठवड्याच्या मधल्या कुठल्यातरी दिवसाचे अंक. एकही वार चुकलेला नव्हता. त्याने खरोखरच एकही चूक केली नव्हती.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"सुट्टीचं." त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडायला लागला. "गुरुवारचं. तूच म्हनली ना, सुट्टीच्या दिवसाचं ठिवा."

"अहो, रविवार! जगाला रविवारी सुट्टी असते."

त्याने एक अंक उचलून वार पुन्हा बघितला. मीच बोलत सुटले. काय काय बोलले ते लिहीत नाही, भिंतीपलीकडच्या ओडिशाच्या बाईने रेडिओ मोठा केला एवढं सांगते. रविवारचे अंकही त्याच्या हाताखालून गेले होते. जाड होते म्हणून ते दोन हातांनी उचलून पुढे सोडावे लागायचे, हे त्यानेच सांगितलं. इतकी वर्षं दर रविवारी त्या पट्ट्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला रविवार सुट्टीचा आहे हे सुचणार कुठून, हे मला त्या क्षणीही कळत होतं. कळूनसुद्धा राग जाईना.

शेवटी तो म्हणाला, यार्डात अजून असतील, चल. आम्ही मिलवर गेलो. मशीन बंद, पण एक कंटेनर आला होता म्हणून आप्पा हजर होते. यार्डात नुसती खोकी होती, चपटी करून बांधलेली तपकिरी खोकी, एकावर एक. मी तरी त्या खोक्यांमधून फिरले. फटीत वाकून बघितलं. एका गठ्ठ्याच्या कडेला पांढरं काही दिसलं म्हणून बोटं घालून ओढलं, तर ती साबणाची जाहिरात होती. साडीचा काठ तारेत अडकून फाटला. आप्पा लांबून बघत होते. मग जवळ आले.

"न्यूज संपला, ताई," ते म्हणाले. न्यूज म्हणजे पेपराची रद्दी.

मी विचारलं, पुढचा कंटेनर कधी येणार.

"न्यूजचा? आता न्हाई यायचा. तिकडं लोकं पेपरच छापंनात म्हणं. रद्दी कुठनं व्हनार? परवडंना म्हणून मालकानं पेपरचं मशीन बंद करायचं ठरिवलंय. खोक्याचं तेवढं ऱ्हाईल." मग ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "तुला सांगनारच व्हतो. ह्या पगारापर्यंतच हाय."

नवऱ्याने विचारलं, खोक्याच्या मशीनवर घेतील का. आप्पा म्हणाले, त्याला माणसं हायेत. ते फार हळू म्हणाले आणि यार्डातून आत निघून गेले. आम्ही तिथेच उभे राहिलो. माझ्या हातात ती साबणाची जाहिरात होती.

परत चालत येताना हायवेच्या कडेला तो थांबला. ट्रक जात होते, म्हणून त्याला मोठ्याने बोलावं लागलं.

"तिकडं पेपर बंद पडत्यात, हे तुला म्हाईत व्हतं?"

"माहीत होतं."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून. शेवटचं प्रकरण त्याचंच आहे."

"मंग मला बोलली न्हाईस कवा."

"मला वाटलं तो माझा विषय आहे," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, जणू काही हे उत्तर बरोबर होतं. मग रस्ता ओलांडताना नेहमीसारखा माझा दंड धरला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. आधी सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं? काहीच नाही. दुसरीकडे कुठे जाऊन उभा राहिला असता? पण मी ज्या पेपरांच्या मरणाचे परिच्छेद पाडत होते, त्याच पेपरांवर आमचं घर चाललेलं होतं, आणि हे मला, एवढं शिकलेल्या बाईला, खोक्यांच्या ढिगात उभं राहिल्यावर समजलं. त्या दिवशी मला स्वतःची शिसारी आली.

तरी मी सोडलं नाही. गुरुवारचे अंक घेऊन पुण्याला गाईडकडे गेले. अक्षरशः पदर पसरला. त्यांना म्हणाले, सर, फ्रान्समध्ये पूर्वी शाळांना गुरुवारीच सुट्टी असायची, मुलांची चित्रांची पानं गुरुवारीच निघायची, आपण सुट्टीचा अंक म्हणून गुरुवार धरू. हे खोटं नव्हतं. ते सगळं ऐकून घेऊन त्यांनी एक अंक उघडला, हलक्या हाताने पानं चाळली, आणि म्हणाले, बाई, ती रीत कधीच बंद झाली. हे अंक हल्लीचे आहेत. यातला गुरुवार हा नुसता गुरुवार आहे. ते बरोबर होते. मला चहा दिला, माझ्यासाठी त्यांना वाईट वाटलं हेही दिसत होतं. मुदत गेली. दौंडच्या जागेची जाहिरात आली, तेव्हा माझ्याकडे पाच प्रकरणं होती आणि पदवी नव्हती. ज्यांना ती जागा मिळाली ते सर फार चांगलं शिकवतात. मी त्यांच्याच हाताखाली अजून तासिका तत्त्वावर आहे.

मिलचं मशीन थांबलं आणि नवरा टेम्पो करून दौंडला आला. एक खाट, एक शेगडी, पत्र्याची पेटी. पोती त्याने तिथेच सोडून दिली, मी विचारलंही नाही. कपाट ठरलेल्या भिंतीला लावलं. मुलगी त्या रात्री आम्हा दोघांच्या मध्ये झोपली आणि दोन्ही हातांनी दोघांना धरून झोपली. मी जे इतकी वर्षं मागत होते ते मला मिळालं होतं. आता पुढे बघू, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिले काही आठवडे तो कुरकुंभला जाऊन आला, भिगवणला जाऊन आला. सगळीकडे तरुण पोरांच्या रांगा. इतकी वर्षं रद्दी उचललेल्या माणसाला काय येतं, हा प्रश्न त्याला तोंडावर विचारला गेला. मग त्याने जाणं कमी केलं. शेजारी विचारायचे, काय पाव्हणं, आज घरी कसे? वाईट हेतूने नाही, सहजच. इथे सगळ्यांना माहीत की हा माणूस गुरुवारी दिसतो. एकदा तो म्हणाला, सुट्टीवर आलोय म्हणून सांग. मी सांगितलं. पण सुट्टी किती दिवस सांगणार? सांगून सांगून माझंच तोंड दुखायला लागलं. मग एका सकाळी मी कॉलेजला निघाले, तर आतून म्हणाला, "भायेरनं कुलूप लाव."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, दाराला कुलूप दिसलं की तो घरी कसा हे कुणी विचारणार नाही. मी कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि शिरूरला जाऊन पोरांना फ्रेंचमधले वार शिकवले. तेव्हापासून हे असंच चालू आहे. घराला कुलूप असतं आणि आत माझा नवरा असतो. तो पंखा लावत नाही, भांडं वाजू देत नाही. गुरुवारी मात्र तो दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, मुलीला शाळेत सोडतो, बाजारातून भाजी आणतो, कट्ट्यावर दोन माणसांशी बोलतो. गुरुवारी तो घरी असला तर कुणी काही विचारत नाही.

आज रविवार आहे. आम्ही तिघंही घरात आहोत, दार आतून लावलेलं आहे. मराठी पेपर आलाय, त्याची पुरवणी मुलीकडे, मधली पानं माझ्याकडे, आणि तो जमिनीवर बसून छोट्या जाहिराती वाचतोय. मघाशी शेजारच्या वहिनी डबा द्यायला दारापर्यंत आल्या आणि त्यांनी कडी वाजवली. मुलीने पुरवणीतलं काहीतरी दाखवायला तेवढ्यात मोठ्याने हाक मारली, पप्पा. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.